रिसालदारमामांनी कारकून नेमला

आमच्या रिसालदारमामांइतका कागदाला भिणारा आणि माणसाला न भिणारा माणूस मी साऱ्या ग्वाल्हेरात दुसरा पाहिला नाही. ते माझे मामा नव्हते. खरं म्हणजे आमच्या दाना ओली या गल्लीत ते कुणाचेच मामा नव्हते. पण गल्लीतली लहानथोर माणसं, नई सडकेवरचे दुकानदार, टांगेवाले, एवढंच काय, त्यांच्याहून वयाने मोठे असलेले आमचे हेडमास्तरसुद्धा त्यांना मामाच म्हणत. संस्थानच्या रिसाल्यात त्यांची उमर गेली होती. पांढऱ्या मिशा, पिळदार मनगटं आणि पायांची कमान अशी की दोन्ही गुडघ्यांमधून मांजर शेपूट उभी ठेवून आरामात निघून जावं. चालत असले तरी घोड्यावर बसल्यासारखे चालत, आणि खुर्चीवर बसले तर ती खुर्ची आता उधळणार अशी आम्हाला उगाच धास्ती वाटे.

रिसाला मोडल्यावर मामांनी सायकल घेतली. ती ते चालवत नसत, तिच्यावर स्वार होत. नेहमी डाव्या बाजूने, दोन पावलं तिच्याबरोबर धावून, एका झटक्यात. घंटी कधी वाजवली नाही, बाड्याच्या चौकातल्या गर्दीतून "हट, हट, बाजू!" असं ओरडत जात आणि गर्दी खरोखर बाजूला होई. मी मास्तर होतो आणि मामा चिटणीस, त्या शाळेत पोचले की उतरून सीटवर दोन थापा मारत आणि ती सायकल आवारातल्या कडुनिंबाला दोरीने बांधत. कुलूप का लावत नाही म्हणून मी एकदा विचारलं, तर माझ्याकडे दयेने पाहून म्हणाले, "अरे मास्तर, कुलूप चोरासाठी असतं. हे बांधणं तिच्यासाठी आहे. मोकळं सोडून गेलं की जनावराला वाटतं, आपल्याला टाकून दिलं." सायकलला काय वाटत असेल ते मला ठाऊक नाही, पण तिची हवा मात्र मामांच्या काळात कधी गेली नाही. माणसांचीही पारख ते रिसाल्यातल्यासारखीच करत. शाळेत नवीन मुलं भरती झाली की रांगेपुढून सावकाश फिरत, एकेकाला तोंड उघडायला लावत आणि दात पाहून वय सांगत. एका पोराच्या बापाने वय वाढवून लिहिलं होतं. मामा त्याच्या तोंडात डोकावून म्हणाले, "याची अजून दुधाची बत्तीशी पक्की आहे. घरी पाठवा, पुढच्या साली येईल." बाप आधी तणतणला आणि मग ओशाळं हसून पोराला घेऊन गेला. पुढच्या वर्षी तो मुलगा आला तेव्हा समोरचे दोन दात पडलेले होते आणि मामांना पाहताच त्याने स्वतःहून आ वासला.

असा हा माणूस. पण हातात सरकारी कागद दिला की बदलून जाई. चुलीवरून उतरवलेलं पातेलं धरावं तसा तो कागद चिमटीत धरत, लांब करत, उलटा करून पाठीमागे काय आहे ते बघत. वाचता येत नव्हतं असं मुळीच नाही. मोडीसुद्धा झरझर वाचत. पण सरकारी कागद दुसऱ्याकडून दोनदा वाचून घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. सही करताना तर खुर्चीतून उठून, टाचा जुळवून उभे राहत आणि मग वाकून सही करत. "घोडा लाथ मारतो ती मागून मारतो," ते म्हणत, "म्हणून मागे उभं नाही राहायचं, झालं. कागद कुठून मारेल ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही."

आम्ही तरुण मास्तर यावर हसत असू. मामींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, एकदा मला कारण सांगितलं आणि माझं हसू गेलं. संस्थान विलीन झालं तेव्हा एका सकाळी साऱ्या रिसाल्याला परेडवर उभं केलं आणि एका साहेबाने एक कागद वाचून दाखवला. एवढासा कागद. वाचून होईतो रिसाला होता, वाचून झाल्यावर नव्हता. तरुण होते ते नव्या फौजेत गेले, मामांसारख्यांना पेन्शन मिळाली, घोडे कुठेकुठे वाटले गेले. मामांची घोडी कुणी नेली ते त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. "राग नाही हो त्यांना कुणाचा," मामी म्हणाल्या. "उलट मला सांगत होते, वाचणाऱ्याचाही आवाज कापून राहिला होता. पण तेव्हापासून पोस्टमन दिसला तरी आत जाऊन बसतात."

अशा माणसाला आमच्या शाळेच्या व्यवस्थापक मंडळाने चिटणीस का केलं, असं कुणीही विचारील. त्याचं उत्तर मंडळाच्या स्वभावात होतं. मंडळाचे अध्यक्ष होते जजसाहेब. संस्थानच्या कोर्टात न्यायाधीश होते, आता निवृत्त. घरात दरबारी पगडी काचेच्या कपाटात ठेवलेली आणि बोलण्यात प्रत्येक वाक्याला कलम जोडलेलं. दुसरे वजनदार सभासद नया बाजारातले कापडवाले शेठजी. तेही मराठीच, पण तीन पिढ्यांच्या व्यापारात मराठीला हिंदीची किनार इतकी रुंद लागली होती की मूळ कापड कोणतं ते कळू नये. या दोघांचं एकमेकांशी पटत नसे. का पटत नसे ते दोघेही विसरले होते, पण न पटणं मात्र नेमाने पाळत. जजसाहेबांनी सुचवलेला चिटणीस शेठजींना चालेना, शेठजींचा जजसाहेबांना. मामांचं नाव निघालं तेव्हा दोघांनाही वाटलं, हा गरीब बिचारा घोडेस्वार, आपल्या मध्ये येणार नाही. बाकीचे सभासद दोघांच्या भांडणात दारापाशी चपला शोधत बसायचे. पुष्कळदा सभेचा पहिला विषय निघे, जजसाहेब उठून जात किंवा शेठजी उठून जात, आणि सभा संपे.

तरीही सारं चाललं होतं, कारण आमचा जुना कारकून बेरकी होता. सभा मोडली तरी तो आपल्या मनाने सुरेख इतिवृत्त लिहून ठेवायचा आणि दोघांच्या घरी जाऊन सह्या आणायचा. पण मध्य भारत राज्य मोडून नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि लष्करातल्या, म्हणजे आम्ही राहत होतो त्या भागातल्या, गल्लीगल्लीतून कारकून भोपाळला निघाले. ते दिवस चमत्कारिक होते. आज या घरासमोर ट्रंकांनी लादलेला टांगा उभा, उद्या त्या घरासमोर. कुणाच्या पाटावरवंट्यावरून नवरा-बायकोत वाद, कुणाची म्हातारी "भोपाळचं पाणी मानवायचं नाही" म्हणून रडून राहिलेली. आमचा कारकूनही सरकारी नोकरी मिळवून गेला. मामा त्याला निरोप द्यायला गेले, त्याच्या टांग्याच्या घोड्याचा नाल तपासला आणि परत येऊन मला म्हणाले, "मास्तर, आजपासून तू लिही."

मी गणित शिकवत होतो. समीकरणाच्या दोन बाजू सारख्या असतात या माझ्या श्रद्धेला त्या मंडळाने फार मोठा धक्का दिला. माझ्या पहिल्याच सभेत मी प्रामाणिकपणे लिहून घेत राहिलो आणि शेवटी पाहतो तर एका विषयाला होकार, नकार आणि "बघू" असे तिन्ही निर्णय झालेले. त्यातच भोपाळच्या शिक्षण खात्याचं पत्र आलं. मामांनी ते चिमटीत धरून माझ्याकडे दिलं, मी दोनदा वाचलं. खासगी शाळांची नव्याने तपासणी होणार होती. इन्स्पेक्टर स्वतः येऊन मंडळाच्या सभेला बसतील. मंडळ खरोखर काम करतं असं दिसलं तर शाळेची मान्यता चालू राहील, नाहीतर शाळा जवळच्या सरकारी शाळेत सामील होईल आणि मराठी वर्ग "सोयीनुसार" चालतील. "सोयीनुसार म्हणजे?" मामांनी विचारलं. मी म्हटलं, "म्हणजे चालणार नाहीत, मामा." मामांनी पत्र परत घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाले, "सभा पुरी होईल असा कारकून पाहिजे. लिहिणारे पुष्कळ मिळतील. सभा पुरी करणारा पाहिजे."

कारकुनाच्या जागेसाठी मामांनी घेतलेली परीक्षा त्यानंतर कितीतरी वर्षं दाना ओलीत सांगितली जात होती. अर्ज त्यांनी वाचलेच नाहीत. "अर्जात सगळेच शहाणे असतात," म्हणाले. उमेदवारांना त्यांनी आपल्या घरी बोलावलं आणि बैठकीच्या खोलीत एक खोटी सभा भरवली. विषय होता शाळेची घंटा बदलावी की नाही. मी बदलावी म्हणायचं, मामींनी नको म्हणायचं, समोरच्या टांगेवाल्याने वाटेल ते बोलायचं आणि मामांनी अध्यक्ष म्हणून गप्प बसायचं. उमेदवाराने कोपऱ्यात बसून इतिवृत्त लिहायचं. पहिल्या फेरीत आम्ही लाजत लाजत भांडलो. पण मामी रंगात आल्या आणि त्यांनी घंटेवरून विषय नणंदेच्या लग्नात हरवलेल्या पितळी घंगाळावर नेला. ते घंगाळ मामांच्याच बहिणीच्या सासरी गेलं असा त्यांचा जुना संशय होता. मामा अध्यक्ष असल्यामुळे त्यांना उत्तर देता येईना.

पहिला उमेदवार जजसाहेबांचा पुतण्या होता. टाय लावून आला होता. आम्ही तोंड उघडायच्या आत त्याने "सर्वानुमते मंजूर" लिहून पेनाला टोपण लावलं. मामांनी विचारलं, "काय मंजूर?" तो म्हणाला, "जे असेल ते." दुसरा एक वयस्क गृहस्थ. त्याने शब्द न् शब्द लिहिला. घंगाळ लिहिलं, नणंद लिहिली, टांगेवाल्याने मध्येच दिलेली शिवी लिहिली आणि शेवटी सारं खड्या आवाजात वाचून दाखवलं. मामींनी त्याला दुसरा कप चहा दिला नाही. तिसऱ्याने लेखणी खाली ठेवली आणि सरळ मामींच्या बाजूने भांडायला सुरुवात केली. मामींना तो फार आवडला. "हाच घ्या," त्या आतून तीनदा म्हणाल्या.

सगळ्यात शेवटी कमला आली. गल्लीच्या टोकाला एका मराठी कुटुंबाच्या मागच्या खोलीत तिचं सिंधी कुटुंब राहत होतं. फाळणीत सारं मागे टाकून आलेलं. बाप नई सडकेवर कंगवे, आरसे, रिबिनी विकायचा. मुलगी हिंदी घेऊन मॅट्रिक झाली होती. मराठी ती नळावर आणि जिन्यात शिकली होती, त्यामुळे तिच्या मराठीत भांडणाचे शब्द पक्के होते, बाकीचे कच्चे. पदर खोचून कोपऱ्यात बसली. आम्ही एव्हाना तरबेज झालो होतो; दणकून भांडलो. तिने थोडं लिहिलं, थांबली, ऐकत राहिली. मग लेखणी खाली ठेवून, हात मांडीवर घेऊन म्हणाली, "काकी, एक मिनिट. सगळे बोलून राहिलेत. पण ठरलं काय?"

मामींचं घंगाळ अर्ध्यावर थांबलं. "कशाचं गं?"

"घंटेचं. जे ठरेल ते मी लिहीन. ठरल्याशिवाय कसं लिहू?"

टांगेवाला डोकं खाजवत म्हणाला, "बात तो सही है." आणि मग एक गंमतच झाली. आम्ही खरंच घंटेचा विचार करायला लागलो. मामी म्हणाल्या, घंटा चांगली आहे, तिचा लोलक तेवढा झिजलाय. मी म्हटलं, मग लोलकच बदलू. टांगेवाला म्हणाला, लोहाराकडे मी घेऊन जाईन. कमलाने दोन ओळी लिहिल्या आणि उठून उभी राहिली. मामांनी तिच्याकडे पाहिलं. दात वगैरे बघितले नाहीत. एवढंच म्हणाले, "बेटा, तुला भीती नाही वाटली, मोठ्या माणसांना मध्येच थांबवायची?" ती म्हणाली, "वाटली ना. पण लेखणी माझ्या हातात होती." मामा माझ्याकडे वळले. "मास्तर, हिला उद्यापासून बोलाव." लोलक खरोखरच बदलला गेला, हे इथेच सांगून टाकतो.

पण नेमणूक मंडळाने करायची होती. सभेत जजसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते चष्मा काढत तेव्हा निकाल विरुद्ध जायचा हे आम्हाला ठाऊक होतं. "चिटणीस, आपली शाळा मराठी आहे," ते म्हणाले. "मराठीपण टिकावं म्हणून आपण खात्याशी झगडतो आहोत. आणि त्या मंडळाची कारकून एक सिंधी मुलगी? आणि एकदम मुलगी? उद्या लोक काय म्हणतील?" शेठजींनी ताबडतोब कमलाला पाठिंबा दिला. त्यांनी तिला पाहिलंसुद्धा नव्हतं. जजसाहेबांचा विरोध आहे एवढं त्यांना पुरेसं होतं. बाकीचे चपलांकडे बघू लागले.

मामा सभेत कधी बोलत नसत. त्या दिवशी ते उठून उभे राहिले, टाचा जुळवल्या, जणू समोर सहीचा कागद होता. "जजसाहेब," ते म्हणाले, "माझा पणजा दक्षिणेतून इथे आला तेव्हा त्याला इथली बोली येत नव्हती. तुमचेही आजे-पणजे असेच आले असतील. कुणीतरी त्यांना दारात उभं केलं, म्हणून आज आपण ही शाळा आपली म्हणून राहिलो. माझा पणजा घोड्यावर बसून आला. ही पोरगी रेल्वेच्या छपरावर बसून आली. मला तर यात घोड्याचाच फरक दिसतो."

जजसाहेबांनी टेबलावरचा चष्मा हातात घेतला. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "आणि तिच्या हातून काम बिघडलं तर?"

"तर चिटणिसाची खुर्ची मी सोडतो. तिच्याबरोबरच निघतो."

जजसाहेबांनी चष्मा परत लावला. कमला नेमली गेली.

त्यानंतरच्या सभा ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांना मी काय सांगू! जजसाहेब आणि शेठजी जुंपले की कमला लेखणी ठेवून हात मांडीवर घ्यायची आणि वाट बघायची. ओरडणाऱ्या माणसाला समोर कुणी शांतपणे वाट बघत बसलेलं दिसलं की ओरडण्यातली मजा निघून जाते. एकदा जजसाहेबांनी शेठजींना "गजाने अक्कल मोजणारा" म्हटलं, तर ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "साहेब, हे पण लिहू?" जजसाहेबांचे कान लाल झाले. "नको," ते म्हणाले. शेठजी खुशीत हसले, पण पुढच्याच वाक्याला त्यांनाही तोच प्रश्न आला. हळूहळू दोघे बोलण्याआधी तिच्याकडे बघू लागले. एक दिवस सभा विषयपत्रिकेच्या शेवटपर्यंत पोचली, तेव्हा पुढे काय करायचं ते कुणालाच सुचेना. सगळे तसेच बसून राहिले. शेवटी मामींनी पाठवलेली कचोरी खाऊन सभा संपवण्यात आली. मामा मात्र खुर्ची थोडी मागे घेऊन बसत आणि नवं शिंगरू पहिल्यांदा मैदानात फिरताना बघावं तसे त्या मुलीकडे बघत. खात्याची पत्रं आता ते स्वतः फोडू लागले होते. फोडून, चिमटीत न धरता, सरळ तिच्यापुढे ठेवत.

भोपाळचे इन्स्पेक्टर आले ते ऐन थंडीत. गळ्यापर्यंत बंद कोट, हातात काळी बॅग, मितभाषी माणूस. सभेत कोपऱ्यातली खुर्ची घेऊन बसले. पहिले दोन विषय इतके सुरळीत झाले की मला घाम फुटला. तिसरा विषय होता शाळेच्या नव्या पाटीचा. जजसाहेब म्हणाले, मराठी नाव वर, हिंदी खाली. शेठजी म्हणाले, राज हिंदीचं आहे, साहेब भोपाळहून आलेत, हिंदी वर असू द्या. आणि बघता बघता कितीतरी महिन्यांचं साठलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. जजसाहेब ताडकन उठले. "शंभर वर्षं या शहरात आपण मराठी टिकवली ती खाली लिहायला नाही! मी या सभेतून…" त्यांनी काठी उचलली. ते गेले असते तर शेठजींची माणसंही उठली असती, कोरम मोडला असता, आणि इन्स्पेक्टरांनी बॅग मिटली असती. कमलाने लेखणी खाली ठेवली होती, पण या वेळी तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

"बैऽऽठ!"

आवाज मामांचा होता. एवढी वर्षं तो आवाज त्या छातीत कुठे ठेवला होता देव जाणे. रिसाल्याच्या मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचायचा तो आवाज आमच्या त्या लहानशा खोलीत फुटला. जजसाहेब बसले. शेठजी बसलेलेच होते, ते आणखी खाली बसले. पाणी प्यायला उठलेले इन्स्पेक्टर गिलासासकट बसले. शेजारच्या वर्गात कविता म्हणायला उभी राहिलेली चौथीची मुलं एका सपाट्यात बसली, ते आम्हाला भिंतीपलीकडून ऐकू आलं. बाहेर टांग्याचा घोडा तेवढा ताठ उभा राहिला.

सगळ्यात जास्त घाबरले ते मामा. अध्यक्षांना आपण हुकूम सोडला हे लक्षात येऊन त्यांनी हात जोडले. "माफ करा जजसाहेब. आवाज माझा नव्हता, आदतीचा होता." तेव्हा कमला हळूच म्हणाली, "पाटीचं ठरलं काय?"

मामा उभेच होते. म्हणाले, "एका टांग्याला दोन घोडे जुंपायचे तर एकाच्या मागे एक नाही जुंपत. शेजारी शेजारी जुंपतात. एकाच ओळीत लिहा की दोन्ही नावं. पाटी जरा रुंद करू." जजसाहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि लावला. शेठजी म्हणाले, "पाटीचं लाकूड माझ्याकडून." इन्स्पेक्टरांनी दोन्ही नावं एका कागदावर लिहायला सांगितली, बराच वेळ पाहिली आणि हिंदीत म्हणाले, "पर इन दोनों में फ़र्क़ तो एक ही शब्द का है!" एकीकडे शाळा, दुसरीकडे विद्यालय; बाकी अक्षर न् अक्षर सारखं. पहिल्यांदा जजसाहेब हसले, मग शेठजी, आणि मग ज्यांना कधी तोंड उघडताना पाहिलं नव्हतं ते सभासदसुद्धा. निघताना इन्स्पेक्टर मामांना म्हणाले, "काग़ज़ पर चलती समितियाँ बहुत देखी हैं, चिटणीस साहब. आपस में लड़कर किसी नतीजे पर पहुँचती आज पहली बार देखी." महिन्याभरात मान्यता आली. मामांनी तो कागद दोन्ही हातांनी धरून स्वतः मोठ्याने वाचला.

त्यानंतर कमलाला सरकारी परीक्षेला बसवलं ते मामांनीच. परीक्षेचा मंडळात कुणाला पत्ता नव्हता. संध्याकाळी मामी तिला जेवायला घालत आणि मामा दारात बसून "शिकून राहिली आहे, आत्ता नाही" म्हणून लोकांना परतवत. ती पास झाली, भोपाळला नेमणूक आली. मंडळात हाहाकार उडाला. जजसाहेब आणि शेठजी प्रथमच एकमताने म्हणाले, तिला जाऊ द्यायचं नाही. कमलालाही जावंसं वाटेना. बाप इथे, घर इथे. "मामा, मला इथेच राहू द्या ना," ती म्हणाली. "भोपाळला माझं कोण आहे?" मामा तिच्यावर कधी रागावले नव्हते, त्या दिवशी रागावले. "इथे तरी तुझं कोण होतं, आलीस तेव्हा? तिकडेही दोन माणसं भांडत बसली असतील. त्यांना कोण विचारणार, ठरलं काय म्हणून?" बोलता बोलता आवाज मऊ झाला. "जा बेटा. सरकारचे कागद तुझ्यासारखीच्या हातून निघू लागले तर माझ्यासारख्यांना बरं वाटेल."

स्टेशनवर मामा, मी, कमला आणि तिचे वडील. मामींनी गजकचा, तिळगुळाच्या वड्यांचा, डबा दिला होता. गंमत म्हणजे फलाटाच्या दुसऱ्या टोकाला जजसाहेबही होते. कुणाला तरी घ्यायला आलोय असं सांगत होते, पण येणारी गाडी केव्हाच येऊन गेली होती. कमलाचे वडील तिच्या ट्रंकेचा पट्टा पुन्हा पुन्हा आवळत होते. गाडी आली, सामान चढलं. कमला वाकून मामांच्या पाया पडली. मामांना मूलबाळ नव्हतं. रिसाल्यातून त्यांनी आयुष्यभर माणसं रवाना केली होती, पण मुलगी कधी पाठवली नव्हती, त्यामुळे हात कुठे ठेवायचा ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी तो तिच्या डोक्यावर ठेवला आणि गाडीने शिटी देईपर्यंत काढला नाही.

गाडी दिसेनाशी झाल्यावर जजसाहेबांनी कमलाच्या वडिलांना आपल्या टांग्यात बसवून घेतलं. मी मामांसाठी दुसरा टांगा बघू लागलो तर म्हणाले, "नको मास्तर. पायी जाऊ." एवढं लांबचं लष्कर! फूलबागेवरून आम्ही सावकाश चालत आलो. एका टांग्याचा घोडा लंगडत होता, त्याच्याकडेही मामांचं लक्ष गेलं नाही. ऊन उतरत होतं, नई सडकेवर दुकानांतले दिवे लागू लागले होते, आणि रोजचे लोक रोजच्यासारखे "राम राम मामा" म्हणत होते. मामा मान हलवत होते.

आता मामा नाहीत, मामी नाहीत, शाळेत नवी माणसं आहेत. त्या मामांना मी कितीतरी रूपांत पाहिलं. सायकलवर स्वार झालेले, पोरांचे दात पाहणारे, साऱ्या सभेला एका हुकमात बसवणारे. पण डोळे मिटले की मला ती संध्याकाळच दिसते. दाना ओलीत मामी दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "गेली?"

"गेली," मामा म्हणाले. उंबऱ्याशी जरा थांबले, जोडे काढले, आणि मामींकडे न बघता म्हणाले, "खिडकीजवळची जागा मिळाली तिला."